१०७३ टाइप ईक्यू: बुवांच्या आवाजावर हाय वाढवला की टाळ कानात घुसतात

मंद्रसप्तक:
नमस्कार मंडळी, आमच्या गावच्या भजनी मंडळाचे अभंग रेकॉर्ड केलेत, देवळातच, सगळे एकत्र बसून. बुवांसमोर एक कंडेन्सर, पखवाजाला दोन माईक, पेटीला एक आणि टाळकरी मागे उभे. मिक्ससाठी नीव्ह १०७३ (जुन्या स्टुडिओ कन्सोलमधला प्रीॲम्प-ईक्यू; ईक्यू म्हणजे आवाजातले खालचे, मधले, वरचे पट्टे कमी-जास्त करायचं साधन) च्या धर्तीचा एक प्लगइन घेतलाय. बुवांवर हाय जरा वाढवला की आवाज असा काही उघडतो की बास, पण टाळ इतके तिखट होतात की ऐकवत नाही. शिवाय नॉबवर डीबीचे (डेसिबलचे) आकडे नाहीत, फ्रिक्वेन्सी पण ठरलेल्याच, मग मोजायचं कसं? आणि पेटी नि बुवा सारखे एकमेकांच्या अंगावर येतायत. सॉफ्टवेअरसोबत आलेल्या स्टॉक ईक्यूवर परत जाऊ का?

थापीवाला:
स्टॉकवर जायची गरज नाही, आधी काय होतंय ते बघा. टाळ बुवांच्या माईकमध्ये शिरलेत. हाय नॉब म्हणजे १२ किलोहर्ट्झचा शेल्फ (त्या भागापासून वरचं सगळं एकत्र कमी-जास्त करणारा), पण तो काय १२ ला अचानक उडी मारत नाही, चढ बराच खालून सुरू होतो आणि टाळाचा सगळा झणत्कार त्याच पट्ट्यात असतो. म्हणजे तुम्ही बुवांना नाही, टाळकऱ्यांना वाढवताय. हाय शून्यावर ठेवा, शब्द पुढे हवे असतील तर मिडल (मधला पट्टा) ३.२ किलोहर्ट्झवर घेऊन अगदी किंचित वाढवा. तिथेही टाळ थोडे येतातच, पण सुसह्य. आणि बुवा थांबून मागचे धरतात ना, तेवढ्या जागी बुवांचा चॅनल ऑटोमेशनने (आवाजाचे चढउतार आधीच आखून ठेवून) तीन-चार डीबी खाली घ्या, याने जेवढा फरक पडेल तेवढा कुठल्याच ईक्यूने पडणार नाही.

पेटीचं म्हणाल तर बुवांना वाढवण्यापेक्षा पेटीतूनच जागा काढा. मिडल १.६ वर, थोडा कट. बेल (त्या फ्रिक्वेन्सीभोवतीचा उंचवटा किंवा खळगा) रुंद आहे त्यामुळे पेटी पोकळ वाटत नाही, जरा मागे सरकून बसते. सोलो करून ठरवू नका, पेटी एकटी ऐकली तर कट वाईटच वाटेल, बुवा चालू ठेवून ऐका.

आणि पखवाजावर हा ईक्यू जरूर लावा!! डाव्या पुडीच्या माईकला लो शेल्फ ६० वर वाढवा आणि सोबत हायपास (ठरलेल्या फ्रिक्वेन्सीखालचं कापणारा फिल्टर) ५० हर्ट्झवर चालू ठेवा. हायपास १८ डीबी पर ऑक्टेव्हचा आहे, खालची घरघर कापतो आणि शेल्फ वरून भरतो, दोन्ही मिळून कणकेचा तो 'धा' गोल नि घट्ट येतो. ही जोडी मला या ईक्यूची सगळ्यात आवडती गोष्ट.

फेडरखाली:
वरच्यांशी सहमत, एक भर घालतो. मूळ १०७३ सत्तरच्या दशकातल्या नीव्ह कन्सोलचा मोड्यूल, त्याच्याही ईक्यू नॉबवर डीबीचे आकडे नाहीतच. बाहेरची कडी फिरवून फ्रिक्वेन्सी निवडायची, आतल्या नॉबने कमी-जास्त करायचं. मिडलला ३६०, ७०० हर्ट्झ नि १.६, ३.२, ४.८, ७.२ किलोहर्ट्झ आणि लोला ३५, ६०, ११०, २२० हर्ट्झ, झालं. ही अडचण समजू नका, डोळे मिटून फिरवा, बरं वाटलं की थांबा. मात्र एखादी नेमकी फ्रिक्वेन्सी शिट्टीसारखी टोचत असेल तर ती आधी स्टॉक ईक्यूने अरुंद कापून घ्या, तिथे हा कामाचा नाही.

आणि लेव्हल! लाल नॉब (इनपुट गेनचा) ५ डीबीच्या टप्प्यांनी चढतो, वाढवला की सॅच्युरेशन (ॲनालॉगसारखं हलकं डिस्टॉर्शन) येतं पण आवाज मोठाही होतो, आणि मोठं ते कानाला चांगलंच वाटतं. जेवढं इनपुटला चढवाल तेवढं आउटपुटला उतरवा, मग बायपास करून (प्लगइन चालू-बंद करून) ऐका. बऱ्याच ॲनालॉग प्लगइनचा हिशोब -१८ डीबीएफएसच्या (डिजिटलच्या कमाल पातळीपासून १८ डीबी खाली) आसपास असतो (मॅन्युअल बघून घ्या), बुवांचा ट्रॅक त्याहून फार गरम असेल तर नॉब न हलवताच डिस्टॉर्शन सुरू झालेलं असतं.

मंद्रसप्तक:
खूप आभार दोघांचे! हाय शून्यावर आणला, बुवांचं ऑटोमेशन केलं, टाळ जागेवर बसले. पेटीला १.६ चा कट पण लागू पडला, आता 'विठ्ठल' मधला ठ्ठ स्पष्ट ऐकू येतो. एकच विचारतो, टाळांच्या ट्रॅकवर लाल नॉब जरा चढवला तर काचेसारखी करकर येते, ती कसली?

फेडरखाली:
एलियासिंग. सॅच्युरेशनमुळे वरचे हार्मोनिक्स तयार होतात, ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटच्या सेशनमध्ये २२.०५ किलोहर्ट्झच्या वर जे जातं ते उलटं दुमडून खाली येतं, आणि टाळात वरचा माल आधीच भरपूर. प्लगइनमध्ये ओव्हरसॅम्पलिंग (आतल्या आत जास्त सॅम्पल रेटवर काम करणं) असेल तर चालू करा, सीपीयू खाईल पण त्या एका ट्रॅकपुरतं चालतंय. नसेल तर टाळांवर लाल नॉबला हातच लावू नका, हायपास ३०० वर टाकून द्या, टाळांना एवढं पुरतं.