शब्दचर्चा : माणूस ‘पॉझिटिव्ह निघतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

कोथरूडहून
साथीच्या दिवसांत आपण जी क्रियापदं वापरतो, त्यांवर चर्चा हवी आहे. २०२०मध्ये, कोरोनाच्या वेळी, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला : ‘बी विंगमध्ये एक सापडला. बाहेरून घेऊन आला. आता विंग बंद करायला पत्रे लागणार.’ त्या घरच्या वहिनींनीही तो वाचला. पुढे त्यांच्या सासूबाईंना ताप आला, तर त्यांनी शेजारी कळूच दिलं नाही. डॉक्टरांकडे नेलं तेही उशिरा.

संशयित, सापडला, निघाला, पळाला. चोरीच्या बातमीत हेच शब्द असतात. ‘ताप आला’, ‘कावीळ झाली’ म्हणताना दुखणं माणसाकडे येतं. ‘पॉझिटिव्ह निघाला’ म्हटलं की माणसाचंच काहीतरी उघडकीला येतं. नाणं खोटं निघतं, जावई व्यसनी निघतो, तसं.

शनिवार पेठेतून
पटलं नाही. ‘निघणे’मध्ये दोष कुठे आहे? पोरगी हुशार निघाली असंही म्हणतोच की. आणि गोवरसुद्धा अंगावर निघतोच.

कोथरूडहून
गोवर निघतो तिथे कर्ता गोवर आहे, पोर नाही. ‘त्याची टेस्ट पॉझिटिव्ह आली’ एवढं म्हटलं तरी भागतं. तिथे कर्ता टेस्ट आहे.

हडपसरहून
‘सापडणे’बद्दल थोडं सविस्तर लिहितो. हा शब्द प्लेगमुळे आला असा दावा नाही, पण पुण्याला रुग्ण ‘सापडण्या’चा जुना अनुभव आहे. ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा झाला. नंतर रँडच्या प्लेग कमिटीने घरोघर झडतीसाठी गोरे सोल्जर आणले. ते माजघरात, देवघरात शिरत. रोगी इस्पितळात आणि घरची माणसं छावणीत नेली जात, सामान जाळलं जाई. मग लोकांनी आजारी माणसं लपवली, मयतंही लपवली. यात रोगाची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती होती ती घराची अब्रू जाण्याची, जातीबाहेरच्या हातचं खावं लागण्याची, बायकांना परक्याने हात लावण्याची. २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, तिच्यामागे हा संताप होता. लपवलेला रोगी मात्र घरातच राहिला, रोगही घरातच राहिला.

त्याच साथीत आमच्या हडपसरच्या माळावर सावित्रीबाई फुल्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी दवाखाना काढला होता. सावित्रीबाई तिथे रोग्यांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, असं सांगतात. १० मार्चला त्या प्लेगनेच गेल्या. ज्या वस्तीतल्या माणसाला एरवीही शिवायचं नाही असा दंडक होता, त्या वस्तीतला तो मुलगा होता. कोरोनात ‘आपलं सोवळं किती शास्त्रीय होतं’ असे मेसेज फिरले, तेव्हा मला फार राग आला. हात धुणं जंतूंसाठी असतं. सोवळं माणसांची प्रतवारी लावण्यासाठी होतं.

येरवड्याहून (क्षयरोगाच्या कामात आहे)
‘संशयित’बद्दल : २०१३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोगाच्या व्याख्यांतून ‘सस्पेक्ट’ आणि ‘डिफॉल्टर’ हे दोन्ही शब्द काढले. आम्ही आता ‘संभाव्य रुग्ण’ म्हणतो. औषध मध्येच सोडलेल्या बाईला ‘डिफॉल्टर’ म्हणत तिच्या दारात गेलं, तर ती दार कशाला उघडेल? मुलीचं लग्न ठरत असेल तर नाहीच नाही.

सहकारनगरहून
क्रियापदांइतकीच नामंही बघा. पटकीने (कॉलऱ्याने) गावंच्या गावं ओस पडली, तरी पटकी झालेल्याला वेगळं नाव पडलं नाही. तो मेला किंवा बरा झाला. महारोग (कुष्ठरोग) मात्र वर्षानुवर्षं अंगावर दिसत राहतो, म्हणून ‘महारोगी’ हे नाम तयार झालं. औषधाने तो पूर्ण बरा होतो आणि उपचार सुरू झाल्यावर त्या माणसापासून इतरांना धोका राहत नाही, पण नाम काही सुटत नाही. महारोग हे घटस्फोटाचं कारण होतं, ते कायद्यातून जायला २०१९ उजाडलं.

उलट ‘देवी आल्या’. दाराला कडुनिंबाचा टाळा, घरात फोडणी बंद, विटाळशीने आत यायचं नाही. रोग्याला वेगळंच ठेवत, पण घाण म्हणून नव्हे, तर घरात देवीचा वास म्हणून. आजी म्हणायची, ‘बाई आल्यात, जपून बोला.’ कुणी तोंड फिरवत नसे. त्याची किंमतही होतीच. लस टोचली तर देवीचा कोप होईल, या भीतीने पुष्कळांनी पोरं लपवली.

शनिवार पेठेतून
कर्त्याचा मुद्दा मान्य. मग ‘लागण’चं काय? गेल्या वर्षी, जानेवारी २०२५पासून, सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गिलन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा ‘जीबीएसची लागण’ असं सर्रास म्हटलं गेलं. जीबीएस माणसाकडून माणसाला लागत नाही. बहुतेक वेळा आधी पोटाचा किंवा श्वसनाचा संसर्ग होतो, मग शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करते. तिथे ‘जीबीएस झाला’ एवढंच लिहायला हवं होतं. तिकडे राहणाऱ्या आमच्या मोलकरीणबाईंना दोन घरांनी ‘सध्या येऊ नका’ सांगितलं, ते त्या ‘लागण’मुळेच.