ग्रुप मेडिक्लेमचा मुद्दा राहिलाच
'मोठ्या कंपनीत आपण फक्त एम्प्लॉयी आयडी असतो' असं मोठ्या कंपनीतल्या नोकरीबद्दल बरेच जण म्हणतात, ते अप्रेझलच्या दिवसांत मलाही शंभर टक्के पटतं. वर्षभर राबायचं आणि बेल कर्व्हमध्ये (ठरावीक टक्के लोकांनाच वरचं रेटिंग) बसवायला रेटिंग खाली ओढायचं, हे ऐरोलीच्या ऑफिसात मी दोनदा भोगलंय. पण ग्रुप मेडिक्लेमबद्दल, म्हणजे कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी एकत्र काढलेल्या आरोग्य विम्याबद्दल, तेव्हा कुणीच बोलत नाही. बाबांना जुना मधुमेह. वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं; आमच्या ग्रुप पॉलिसीत तो पहिल्या दिवसापासून कव्हर होता. ठाण्यात त्यांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर (विम्याचे दावे हाताळणारा विभाग) विम्याचं ई-कार्ड आणि तोच आयडी दाखवला, संध्याकाळपर्यंत कॅशलेस मंजूर.

मला खरं खटकतं ते वेगळंच. शेजारच्या खुर्चीवर बसून तेच काम करणारी मैत्रीण ठेकेदाराच्या पेरोलवर होती. पगार २१,००० रुपयांच्या वर, म्हणून ईएसआय (कामगारांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) नाही, आणि ठेकेदाराच्या पॉलिसीत आईवडील नाहीत. आईच्या ऑपरेशनसाठी तिने पाटल्या गहाण ठेवल्या. आम्हा दोघींच्या गळ्यातल्या आयकार्डाच्या पट्टीचा रंग तेवढा वेगळा. हे आजही मला सहन होत नाही. आणि नोकरी सोडणार असाल तर शेवटच्या दिवसाआधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन, म्हणजे ग्रुपमधून बदली, मागा. ग्रुपमध्ये काढलेली वर्षं आधीच्या आजारासाठी थांबावं लागणाऱ्या प्रतीक्षा काळात धरली जातात. आमच्या एचआरने हे आपणहून कधीच सांगितलं नाही.