कॅलिफोर्निया : वणव्याच्या पट्ट्यातल्या घराचा विमा बंद होतोय, सुरुवात कुठून करावी?

ओसरी

नमस्कार मंडळी. घर सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी, एल डोराडो काउंटीत आहे. १९९२ चे बांधकाम, २२०० चौरस फूट, बाहेरून स्टको (सिमेंटचा गिलावा), छपरावर डांबरी शिंगल्स, मागे लाकडी डेक आणि घराला चिकटलेले लाकडी कुंपण. विमा कंपनीने 'वणव्याचा धोका' हे कारण देऊन नॉन-रिन्युअलचे, म्हणजे विम्याचे नूतनीकरण करणार नसल्याचे, पत्र पाठवले आहे. मुदत संपायला ७१ दिवस उरलेत आणि गृहकर्ज चालू आहे. फेअर प्लॅन (दुसरी कंपनी विमा देत नसेल तेव्हाचा शेवटचा पर्याय) घेतला की काम भागते का? घराच्या डागडुजीसाठी साधारण ५,००० डॉलर बाजूला काढता येतील, ते आधी कशावर लावावेत? जाणकारांनी सांगावे.

चौकट

आधी विम्याचे बघा, कारण त्याला तारीख आहे. कॅलिफोर्नियात हे पत्र किमान ७५ दिवस आधी द्यावे लागते, म्हणून पत्र कोणत्या तारखेला पाठवले ते पाहा, ७५ पेक्षा कमी दिवस उरले असताना पाठवले असेल तर हरकत घेता येते. शिवाय राज्याच्या इन्शुरन्स डिपार्टमेंटच्या संकेतस्थळावर आपला झिप कोड जरूर तपासा. गव्हर्नरने आणीबाणी जाहीर केलेल्या वणव्याच्या हद्दीतले आणि त्याला लागून असलेले झिप कोड एक वर्ष संरक्षित असतात. त्या काळात वणव्याच्या कारणावरून घराचा विमा बंद करता येत नाही. तुमचा कोड त्यात असेल तर कंपनीला लेखी कळवा.

नसेल तर कंपनीकडून तुमच्या घराचा वणवा-धोक्याचा स्कोअर आणि तो कशामुळे वाढला हे लेखी मागा. २०२२ च्या नियमांनुसार ते सांगणे कंपनीला बंधनकारक आहे आणि त्यावर अपील करता येते. पुष्कळदा स्कोअर जुन्या हवाई छायाचित्रावर बेतलेला असतो. छपरावर आलेली फांदी तुम्ही वर्षापूर्वी तोडलेली असते, पण त्यांच्या फोटोत ती अजून असते. तारखेसह नवे फोटो पाठवा.

फेअर प्लॅन सरकारी नाही. १९६८ पासून राज्यातल्या विमा कंपन्या मिळून तो चालवतात. घरासाठी कमाल मर्यादा ३० लाख डॉलर. त्यात आग, वीज, धूर आणि घरातला स्फोट एवढेच मूळ संरक्षण मिळते. चोरी, फुटलेला नळ, पाहुणा डेकवरून पडला तर येणारी जबाबदारी, यातले काहीच नाही. म्हणून त्याच्या जोडीला 'डिफरन्स इन कंडिशन्स' नावाची दुसरी पॉलिसी लागते. दोन्हींच्या तारखा एकाच दिवशी सुरू होतील असे ब्रोकरला बजावून सांगा. अर्ज भरताना 'रिप्लेसमेंट कॉस्ट', म्हणजे नव्याने करून घेण्याचा पूर्ण खर्च, मागून घ्या. ते मागितले नाही तर भरपाई घसारा वजा करून मिळते, आणि तीस वर्षांच्या छपराचे मग काय हातात येणार?

एक दिवसही खंड पडू देऊ नका. नाहीतर बँक स्वतःच विमा काढून हप्ता तुमच्या माथी मारते. तो महाग असतो आणि मुख्यतः बँकेचे कर्ज सांभाळतो, तुमचे सामान नाही.

निखारा

मी फक्त घराबद्दल लिहितो. बहुतेक घरे ज्वाळांच्या भिंतीने पेटत नाहीत. वाऱ्यावर येणारे निखारे पुष्कळ पुढे जाऊन पडतात आणि पाचोळ्यात, डेकच्या फटीत, पोटमाळ्यात धुमसत राहतात. म्हणून काम भिंतीपासून सुरू करून बाहेर सरकत जायचे. लोक नेमके उलटे करतात, शंभर फुटांवरची झुडपे कापतात आणि खिडकीखालचा मल्च, म्हणजे मातीवर पसरलेला झाडाच्या सालींचा थर, तसाच ठेवतात.

पहिले पाच फूट सर्वांत महत्त्वाचे, आणि स्वस्तही. मल्च काढून खडी किंवा फरशी टाका. भिंतीला टेकलेली झुडपे मुळासकट काढा. जुनिपर आणि रोझमेरी तर आधी, ती तेलकट असतात. दारातले काथ्याचे पायपुसणेसुद्धा उचला. दसरा-दिवाळीचे तोरण वाळून दारावर लटकत राहते, तेही, कारण कोरडा वारा नेमका त्याच महिन्यांत सुटतो. घराला चिकटलेल्या कुंपणाचा शेवटचा पाच फुटांचा तुकडा काढून तिथे धातूचा बसवा. लाकडी कुंपण म्हणजे भिंतीपर्यंत आणून ठेवलेली वात.

दुसरे, व्हेंट, म्हणजे हवा खेळण्यासाठी ठेवलेली जाळीदार तोंडे. वळचणीखालचे, गेबलचे (छपराखालच्या त्रिकोणी भिंतीतले) आणि पायातले सगळे मोजा. १९९२ च्या घरात बहुधा पाव इंचाची जाळी असेल, त्यातून निखारा आरामात आत जातो. १/८ इंचाची किंवा त्याहून बारीक धातूची जाळी हवी, प्लास्टिकची किंवा फायबरची नाही. त्याहून चांगले म्हणजे निखारे आणि ज्वाळा अडवण्याची एएसटीएम ई२८८६ चाचणी उत्तीर्ण झालेले व्हेंट, यातल्या काहींत उष्णतेने फुगून तोंड बंद करणारा थर असतो. इथे दोन चुका होतात. व्हेंट कायमचे बुजवले की पोटमाळ्यात दमट हवा कोंडून लाकूड कुजते. आणि बारीक जाळीवर रंगाचा हात फिरला किंवा धूळ बसली की हवा जाण्याची जागा घटते, म्हणून ती वर्षातून एकदा ब्रशने झाडावी लागते. कपडे वाळवायच्या यंत्राच्या नळीला मात्र जाळी लावू नका. तिथे कापसाचे तंतू अडकून आतूनच आग लागते. तिला धातूची झडप पुरते.

डेकखाली काही साठवू नका. डेक भिंतीला मिळते तिथे धातूची सहा इंची पट्टी बसवा. पन्हळ साफ करून धातूचे झाकण घाला. गॅरेजच्या दाराखाली फट दिसत असेल तर रबरी पट्टी बदला. तुमचे ५,००० इथपर्यंत जमतील तेवढे, याच क्रमाने लावा. डबल काचेच्या, एक काच टेम्पर्ड (तापवून कडक केलेली) असलेल्या खिडक्या पुढच्या वर्षी.

पाच ते तीस फुटांत वाळलेले गवत, मेलेली झुडपे नकोत, सरपण तीस फुटांपलीकडे. तीस ते शंभर फुटांत गवत चार इंचांपेक्षा उंच नको. झाडांच्या खालच्या फांद्या जमिनीपासून सहा फुटांपर्यंत छाटा. खाली झुडूप असेल तर त्याच्या उंचीच्या तिप्पट मोकळी जागा, नाहीतर आग शिडी चढल्यासारखी शेंड्यावर जाते.

ओसरी

खूप उपयोगी, दोघांचे आभार. एवढे केले तर कंपनी पुन्हा विमा देईल ना? आणि विम्याची रक्कम किती धरावी? घराची बाजारातली किंमत ८ लाख आहे.

चौकट

खात्री नाही. नियम अशा कामांसाठी हप्त्यात सवलत द्यायला लावतो, विमा द्यायला नाही. तरीही प्रत्येक कामाचे आधीचे आणि नंतरचे फोटो, पावत्या आणि व्हेंटच्या खोक्यावरचा नमुना क्रमांक जपून ठेवा. नव्या कंपनीकडे जाताना हेच दाखवता येते, फेअर प्लॅनमध्येही सवलत मिळते.

बाजारभाव विसरा, त्यात जमिनीची किंमत असते आणि जमीन जळत नाही. पुन्हा बांधायला चौरस फुटाला किती, हे स्थानिक कंत्राटदाराला विचारा. समजा ४०० निघाले, तर २२०० चौरस फुटांचे ८,८०,००० झाले. मोठ्या वणव्यानंतर शेकडो घरे एकदम बांधायला निघतात, मजुरी आणि सामान चढते. म्हणून मिळाले तर २५ किंवा ५० टक्के 'एक्स्टेंडेड रिप्लेसमेंट', म्हणजे विम्याच्या रकमेवर तेवढे जास्तीचे संरक्षण, घ्या.

'बिल्डिंग कोड अपग्रेड' विसरू नका. तुमचे घर २००८ च्या वणवा-नियमांआधीचे आहे. ते आता बांधायचे तर स्प्रिंकलर आणि सौर पॅनेल धरून आजचे नियम लागू होतील. जुने घर जसेच्या तसे बांधण्याच्या रकमेत ते बसत नाही. त्यासाठी विम्याच्या रकमेच्या १० टक्के धरले तर ८८,००० मिळतात.

कौलारू

याच धाग्यात विचारतो. सान दिएगोकडच्या घरांवर अर्धगोल मातीची कौले असतात. माती पेटत नाही, मग छपराची काळजी मिटली का?

निखारा

नाही. कौल पेटत नाही, पण कडेच्या ओळीत कौलाखालची पोकळी उघडी असते. पक्षी तिथे घरटी करतात, वाळका काडीकचरा भरतो आणि निखारा थेट आतल्या लाकडी फळीवर जातो. शिडी लावून वळचणीची ओळ पाहा. तोंडे उघडी असतील तर सिमेंट मॉर्टरने किंवा धातूच्या 'बर्ड स्टॉप'ने बंद करा, मात्र आधी काडी-पाचोळा उपसा. फुटलेली, सरकलेली कौले त्याच फेरीत बदला. कौलांवर चालायचे तर पाय खालच्या कडेवर, जिथे दोन कौले एकमेकांवर येतात तिथे ठेवा, मधोमध ठेवला तर कौल तडकते.