भाड्याचं घर, छोटं किचन, ड्रिल करायचं नाही... सासूबाईंचं सामान कसं बसवू?

अबोली_डोंबिवली:
नमस्कार मंडळी, डोंबिवलीला वन बीएचकेमध्ये भाड्याने राहतो, किचन साधारण सात बाय आठ, एका भिंतीला ओटा, ओट्याखाली नुसते कडप्प्याचे कप्पे, ट्रॉल्या नाहीत, वर माळा. घरमालक भिंतीला एक भोक पाडू देत नाहीत. आता सासूबाई कायमच्या आमच्याकडे येतायत, सोबत गावचे वर्षाचे तांदूळ, डाळी, पापड-कुरडया, लोणच्याच्या बरण्या, सगळंच येणार. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे खाली वाकून कप्प्यातून डबे ओढणं किंवा स्टुलावर चढणं शक्यच नाही. पण स्वयंपाक हा त्यांचा जीव आहे आणि इथे आल्यावर त्यांना प्रत्येक गोष्ट मला मागावी लागू नये असं मनापासून वाटतं. सिलेंडर ओट्याखालीच आहे. ट्रॉल्या करून घ्याव्यात का?

साठवणीची_कोठी:
अबोली, भाड्याच्या घरात ट्रॉल्यांवर अजिबात खर्च करू नकोस, त्या ओट्याच्या मापाने बनतात, घर बदललं की पुढच्या ओट्याखाली बसतीलच असं नाही. कप्प्यांच्या मापाचे प्लास्टिकचे क्रेट आण, क्रेट पूर्ण बाहेर ओढता येतो म्हणून मागचे डबेही हाताला लागतात. पण खरं काम वेगळंच आहे, रोजचं आणि साठवणीचं वेगळं कर. वर्षाचे तांदूळ किचनमध्ये असायची काय गरज? हॉलमध्ये नाहीतर बेडच्या बॉक्समध्ये कोठी ठेव, फक्त त्या बॉक्समध्ये कपड्यांसाठी डांबरगोळ्या टाकलेल्या नकोत, तो वास धान्याला लागतो आणि त्या पोटात जायच्या वस्तूंजवळ असूच नयेत. कोठीतून आठवड्यापुरतं तू काढून छोट्या डब्यात भरायचंस आणि ते छोटे डबे सासूबाईंच्या कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत ठेवायचे. तेवढी पट्टी पूर्ण त्यांची. तिथे तुझा मिक्सरचा जार, टिफिनचे डबे, पाहुण्यांचे कप काही येऊ द्यायचं नाही, ते सगळं खाली किंवा माळ्यावर. तूरडाळीला आणि गव्हाला एरंडेल चोळून ठेवलंस तर कीड लवकर लागत नाही, हे त्यांना माहीत असेलच.

गॅसवाला_दादा:
ताई सिलेंडरबद्दल लिहितो, जागा वाचवायच्या नादात हे मागे पडतं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीलगत साचतो. म्हणून सिलेंडरच्या कप्प्याला पडदा-दार लावून तो गच्च बंद करू नका, खालून हवा खेळती पाहिजे. सिलेंडर उभाच ठेवायचा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. त्याच्या बाजूच्या फटीत पेपरची रद्दी, पिशव्या, रॉकेलचा कॅन कोंबलेला बऱ्याच घरात बघतो, तसं करू नका, ती जागा रिकामी म्हणजे वाया गेली असं नसतं. नळी पाच वर्षांनी बदलायची, तारीख नळीवरच छापलेली असते. बिल्डिंगमध्ये पाइपचा गॅस आला असेल तर घरमालकांशी बोलून बघा, तो अख्खा कप्पा मोकळा होईल.

कोकणी_मसाला:
मसाल्याच्या बरण्या आणि तेलाचा कॅन शेगडीच्या डोक्यावर किंवा अगदी शेजारी नको, उष्णतेने मसाल्याचा वास उडतो, तेल लवकर खवट होतं. लाल मसाल्याच्या बरणीत हिंगाचा खडा ठेव, पावसाळ्यात उपयोगी. कांदे बटाटे एका टोपलीत नको, बटाट्यांना लवकर मोड येतात. बटाटे अंधारात, नाहीतर हिरवे पडतात आणि हिरवा भाग खायचा नसतो.

अबोली_डोंबिवली:
खूप आभार सगळ्यांचे! ट्रॉल्या रद्द. एकच शंका, ती कमरेपासून खांद्यापर्यंतची पट्टी मी आणू कुठून, भिंतीला फळी लावता येत नाही ना.

साठवणीची_कोठी:
जमिनीवर उभी राहणारी स्टीलची मांडणी घे, फ्रीजच्या कडेच्या भिंतीला. फ्रीजला खेटून नको, त्याची गरम हवा बाहेर पडायला जागा सोड. भिंतीला ठोकता येत नाही म्हणून जड सामान सगळ्यात खालच्या फळीवर, म्हणजे ती डगमगणार नाही, तशीही खालची फळी साठवणीची, तिथून काढायचं काम तुझं. मधल्या दोन फळ्या सासूबाईंच्या. फळीच्या दांडीला एस आकाराचे हुक अडकवून झारा, डाव, सांडशी लटकव. आणि मांडणी आजच आणू नकोस. त्या आल्या की ओट्याशी उभं राहून त्यांचा हात सहज कुठवर पोचतो ते बघ, फळ्या खालीवर करता येतात अशीच मांडणी घे आणि डबे त्यांनाच लावू दे.

कोकणी_मसाला:
+१. आणि डबे पारदर्शक घे, डोळ्यांना सोपं पडतं. फक्त हळद-तिखट स्टीलच्या मिसळणाच्या डब्यातच बरं, उजेडाने रंग जातो.