मदत हवी आहे: एनएमआरमधलं पीक बुडालं! रेणू खरंच बायरॅडिकल आहे की मालात भेसळ?

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

पुण्यात सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएचडी करतोय, चौथं वर्ष. प्रश्न लांबलचक आहे. थोडक्यात विचारला की "गाइडला विचार" असं उत्तर येतं, आणि इथे मतभेद गाइडशीच आहे.

विषय नसलेल्यांसाठी आधी थोडं. एनएमआर रेणूतल्या हायड्रोजनच्या रेघा (पीक) दाखवतो, ईपीआर सुट्या इलेक्ट्रॉनची. सुटा इलेक्ट्रॉन जवळ असला की एनएमआरचे पीक पसरतात, बुडतातही. नेहमीच्या सेंद्रिय रेणूंत इलेक्ट्रॉन जोडीजोडीनं नांदतात, म्हणून चुंबक जवळ आणला तरी ते ढिम्म. एखादा सुटा राहिला की तो रॅडिकल. १९०० साली मिशिगनमध्ये गोंबर्ग हेक्साफेनिलइथेन बनवायला गेले आणि हाती लागलं ट्रायफेनिलमिथाइल, तेव्हापासून हा उद्योग चालू आहे. एकाच सांगाड्यात दोन इलेक्ट्रॉन ठेवले आणि त्यांची जोडी अर्धीमुर्धीच जमू दिली, की बायरॅडिकल.

माझ्या रेणूत मधोमध अँथ्रासीन आहे, दोन्ही बाजूंना पाच कार्बनांची एकेक कडी, आणि त्यांच्या बाहेर आणखी कड्या (कोणत्या ते पेपर होईपर्यंत सांगत नाही, माफ करा). कागदावर तो दोन तऱ्हांनी काढता येतो. एकीत सगळे इलेक्ट्रॉन जोडीत, पण अँथ्रासीनची अ‍ॅरोमॅटिकता (कड्यांभर इलेक्ट्रॉन पसरल्यानं येणारं स्थैर्य) गेलेली. दुसरीत अ‍ॅरोमॅटिकता परत, पण दोन इलेक्ट्रॉन उघड्यावर. खरा रेणू या दोहोंच्या ओढाताणीत मध्येच कुठेतरी असतो. मूळ कल्पना माझी नाही. ओरेगनच्या हेली यांच्या गटानं २०१६ मध्ये अशाच सांगाड्याचं स्थिर बायरॅडिकल करून दाखवलं, मी बाहेरच्या कड्या बदलल्या एवढंच.

कृती: डायकीटोनवर उणे ७८ अंशांना मेसिटिल (तीन मिथाइल लावलेली बेंझीनची कडी) लिथियम, त्यातून डायॉल. मग टोल्युइनमध्ये निर्जल स्टॅनस क्लोराइड आणि ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्लाचा एक थेंब. फिकट पिवळा डायॉल दहा मिनिटांत जांभळाच्या रसासारखा होतो. तो क्षण मी रोज बघायला तयार आहे. टीएलसीवर (शुद्धता बघायची पट्टी) एकच ठिपका, मास (रेणूचं वजन) बरोबर.

आणि मग एनएमआर. डायॉलचा देखणा होता. याच्यात मेसिटिलच्या मिथाइलांच्या जागी एक पसरट उंचवटा, आणि अ‍ॅरोमॅटिक भागात काहीच नाही. सपाट. साध्या तापमानाला ईपीआर घेतला तर एक सणसणीत रेघ, 'जी' २.००३ ला (सुट्या सेंद्रिय इलेक्ट्रॉनची नेहमीची जागा).

सर म्हणतात, "झालं की! बायरॅडिकल. लिहायला घे."

मला मात्र झोप नाही. आमच्या गणितात सिंग्लेट-ट्रिप्लेट दरी (इलेक्ट्रॉन जोडीत असलेल्या नि सुट्या असलेल्या अवस्थांमधलं ऊर्जेचं अंतर) सुमारे ४ किलोकॅलरी येते. ट्रिप्लेटच्या तीन पातळ्या धरून हिशेब केला, तर २५ अंशांना जेमतेम ०.३५ टक्के रेणू वरच्या पातळीत असतात. एवढ्यानं अख्खा स्पेक्ट्रम पुसला जाईल? हेलींच्या रेणूची दरी साधारण एवढीच आहे, पण त्याचा एनएमआर साध्या तापमानाला ठीक दिसतो आणि तापवल्यावर पसरतो.

हाताशी ६ मिलिग्रॅम माल, मुंबईत ईपीआरचा एक दिवसाचा स्लॉट, आणि जुलैचा पुणेरी दमटपणा. काय मोजू, कोणत्या क्रमानं?

भाबडा_बीकर

पीक बुडालं असेल तर विमा कंपनीला ७२ तासांत कळवा. (विषयातलं ओ की ठो कळत नाही, पण वाचायला मजा येतेय. लिहा.)

उपडा_चंबू

सरांना घाईचं पेपर-प्रेम आहे, तुमचा संशय बरोबर आहे. २.००३ ची रेघ म्हणजे "कुठेतरी सुटा इलेक्ट्रॉन आहे" एवढंच. तो तुमच्या रेणूचा की पाव टक्का कचऱ्याचा, हे ती रेघ सांगत नाही.

माझा पहिला संशय कॅटायन रॅडिकलवर, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या रेणूवर. तुम्ही आम्ल घातलंय, आणि वर ड्युटेरेटेड (जड हायड्रोजनवाल्या) क्लोरोफॉर्ममध्ये एनएमआर घेतला असणार. त्यात आम्लाचा अंश असतोच. असे इलेक्ट्रॉन सहज सोडणारे रेणू आम्ल आणि हवा मिळून ऑक्सिडाइझ होतात. कॅटायन एखादा टक्का असला तरी पुरतो. त्याची नि न्यूट्रल रेणूची इलेक्ट्रॉनची देवघेव इतकी जलद चालते की सगळ्यांचेच पीक पसरतात. एक नासका आंबा नि अख्खी पेटी.

म्हणून आधी फुकटातलं करा. माल बेसिक अ‍ॅल्युमिनाच्या बोटभर कॉलममधून गाळा, नायट्रोजनखाली. क्लोरोफॉर्म सोडा, ड्युटेरेटेड बेंझीन घ्या. फ्रीज-पंप-थॉ तीनदा (गोठवा, हवा उपसा, वितळवा). नळी फॉइलमध्ये गुंडाळा, प्रकाशात हे रेणू हवेतला ऑक्सिजन धरतात आणि रंग उडतो. मग परत एनएमआर.

ईपीआरला एकच प्रश्न विचारा: थंड केल्यावर रेघ वाढते की घटते? कचऱ्याचा एकटा इलेक्ट्रॉन क्यूरीचा नियम पाळतो, थंडीत त्याची रेघ वाढते. तुमचं ट्रिप्लेट मात्र उष्णतेच्या जोरावर वर चढलेलं, थंडीत ते खाली उतरतं आणि रेघ मरते. वाढली तर भामटा, घटली तर तुमचा. फक्त मायक्रोवेव्हची पॉवर कमी ठेवा. थंडीत सिग्नल सॅच्युरेट झाला (जास्त पॉवरनं दबला) तर उलटंच वाचाल.

हिमगौरी

चंबूंशी सहमत. मी झुरिकजवळ असते, आमच्या आसपास सोन्याच्या पृष्ठभागावर एकेक रेणू बनवणारी मंडळी आहेत. ट्रायअँग्युलिनचं (त्रिकोणी सांगाड्याचा, दोन सुट्या इलेक्ट्रॉनांचा रेणू) उदाहरण बघा. रसायनशास्त्रज्ञ क्लार यांनी १९५३ मध्ये प्रयत्न केला, हाती आलं पॉलिमर. नुसता, काहीही न जोडलेला रेणू दिसायला २०१७ उजाडलं. इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाच्या टोकानं दोन हायड्रोजन उपटून तो बनवला. उघड्या कार्बनला निर्वातातच सुख. तुमच्या मेसिटिल कड्या काटकोनात उभ्या राहून त्याच कार्बनवर छत्री धरतात, म्हणून तुमचा माल बाटलीत तरी टिकतो.

पुढे स्क्विडला (चुंबकत्व मोजणारं अतिसंवेदनशील यंत्र) देणार असाल तर एक भोगलेली गोष्ट सांगते. स्टीलचा स्पॅच्युला वापरू नका. माझ्या पहिल्या नमुन्यात 'फेरोमॅग्नेटिझम' निघाला होता, तोही साध्या तापमानाला! दोन दिवस हवेत होते. १९९१ साली जपानी गटाला निव्वळ सेंद्रिय फेरोमॅग्नेट सापडला तो ०.६ केल्विनला, आणि मला २९८ ला? शेवटी कळलं, स्टरर बारचं टेफ्लॉन चिरलं होतं आणि आतल्या चुंबकाचा चुरा मालात उतरला होता. बार भिंगाखाली बघा. टेफ्लॉनचा स्पॅच्युला घ्या.

अर्धा_स्पिन

गणितवाल्याचं दोन पैशांचं मत. ती ४ किलोकॅलरी कुठून आली? ब्रोकन सिमेट्रीच्या (अशा रेणूंसाठीची गणिताची नेहमीची पद्धत) सिंग्लेटमध्ये ट्रिप्लेटची मिसळ असते. त्या मिसळीसाठीची यामागुची दुरुस्ती केली नसेल तर आकडा कच्चा आहे, आणि फंक्शनल (गणितात धरलेलं अंदाजसूत्र) बदललं की तोही बदलतो. दरी २ असेल तर २५ अंशांना वर साधारण ९ टक्के रेणू, म्हणजे तुमचा सपाट स्पेक्ट्रम अगदी शक्य. त्यामुळे "गणित ४ म्हणतंय म्हणून भेसळ" हेही घाईचंच. तो आकडा प्रयोगातूनच यायला हवा.

उपडा_चंबू

@अर्धा_स्पिन, मान्य. म्हणूनच एनएमआर दोन्हीकडे न्या, उणे ६० ला आणि १०० ला. आणि हो, ईपीआरमध्ये नेहमीच्या रेघेच्या अर्ध्या चुंबकीय क्षेत्रापाशी, १६७० गॉसच्या आसपास, ट्रिप्लेटची बारीक खूण शोधा. दिसली तर सोनं. नाही दिसली तर त्यातून काही सिद्ध होत नाही, ती मुळातच क्षीण असते.

अवांतर: तुम्ही ज्या श्लेंक लाइनवर (हवा टाळून काम करायची नळ्यांची जोडणी) नळी बांधणार, ते श्लेंक १९१५ साली याच भानगडीत होते. त्यांच्या नावाचा हायड्रोकार्बन ट्रिप्लेट निघाला. हवेपासून माल वाचवायची अक्कल माणसाला अशीच येते.

धागाकर्ता (नऊ दिवसांनी)

मंडळी, दंडवत.

अ‍ॅल्युमिनाच्या टोकाला एक मळकट हिरवा पट्टा अडकून बसला, खाली जांभळं उतरलं. ६ चे ४ मिलिग्रॅम झाले. ड्युटेरेटेड बेंझीनमध्ये सगळे पीक हजर! किंचित जाड आहेत, पण मोजता येतात, आणि इंटिग्रेशन (पीकांखालचं क्षेत्रफळ) जुळतंय. त्याच नळीत मुद्दाम आम्लाचा अंश सोडला तर पाच मिनिटांत परत सपाट. चंबू, नासका आंबा सापडला.

ईपीआरची नळी ज्योतीवर सील करून बबल रॅपमध्ये गुंडाळली आणि शिवनेरीत मांडीवर घेऊन गेलो. शेजारच्या काकांनी "इन्सुलिन का?" विचारलं, हो म्हणालो. जुन्या नमुन्याची रेघ थंड केल्यावर वाढली, म्हणजे ती कचऱ्याचीच. नव्या नमुन्यात साध्या तापमानाला अगदी क्षीण सिग्नल आहे आणि १५० केल्विनला जवळजवळ गायब. अर्धक्षेत्राची खूण दिसली नाही.

सर्वात छान भाग: ड्युटेरेटेड टोल्युइनमध्ये १०० अंशांपर्यंत नेलं. अ‍ॅरोमॅटिक पीक विरघळल्यासारखे पसरत गेले आणि थंड केल्यावर जसेच्या तसे परत आले. तीनदा केलं. म्हणजे बायरॅडिकल आहे, फक्त सर ज्या रेघेकडे बोट दाखवत होते ती त्याची नव्हती.

सरांना स्पेक्ट्रा दाखवले. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हिरवा पट्टा फेकला नाहीस ना?" नाही फेकला, अ‍ॅल्युमिनासकट बाटलीत आहे.

आता स्क्विड. ४ किलोकॅलरीच्या दरीला ४०० केल्विनपर्यंत तरी जावं लागेल, आणि पावडर निदान १० मिलिग्रॅम हवी. म्हणजे परत डायकीटोनपासून. तोवर एक विचारून ठेवतो: तापमान ४०० पर्यंत नेणारं आणि बाहेरच्यांचे नमुने घेणारं स्क्विड पुणे-मुंबईत कुणी वापरलंय का? आणि हिमगौरी, टेफ्लॉनचा स्पॅच्युला घेतला. स्टरर बार भिंगाखाली बघितले, पाचातले दोन चिरलेले निघाले.