प्रतिसाद: व्हितोरिया-गास्तेइझचा जुना भाग

उत्तर स्पेनमधल्या व्हितोरिया-गास्तेइझ शहराच्या टेकडीवरच्या जुन्या भागाबद्दल इतरांनी दोन तक्रारी मांडल्यात: इथल्या गल्ल्यांत माणूस गोल गोल फिरतो आणि वयस्कर मंडळींना चढ झेपत नाही.

नकाशा वरून पाहिला तर हा भाग बदामाच्या आकाराचा दिसतो. लांब गल्ल्या टेकडीला वळसा घालत जवळजवळ एकाच पातळीवर जातात, म्हणून चकवा लागतो. पश्चिमेला कोर्रेरिया, सापातेरिया (चांभारांची), एर्रेरिया (लोहारांची). पूर्वेला कुचियेरीया (चाकू-सुऱ्यावाल्यांची) आणि पिंतोरेरिया. नावे लक्षात ठेवलीत की आपण कोणत्या उतारावर आहोत ते लगेच कळते. गल्ल्यांना आडवे छेदणारे बोळ म्हणजे 'कांतोन'. खरा चढ तिथेच. त्यातल्या काही बोळांत काचेच्या छताखाली सरकते रॅम्प बसवलेत. गुडघेदुखीवाल्यांना तिथूनच वर न्या, उतरताना पायी.

नवार राज्याचा राजा सांचो सहावा याने 1181 मध्ये गावाला सनद (अधिकारपत्र) दिली खरी, पण गावाची तटबंदी त्याहून जुनी, अकराव्या शतकातली आहे. सांता मारिया कॅथेड्रलच्या (इथल्या मोठ्या जुन्या चर्चच्या) उत्खननात ते स्पष्ट झाले. हे कॅथेड्रल मात्र चुकवू नका. छताच्या दगडी कमानींचा भार खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून खांब चक्क वाकलेत. आधाराला मध्ये आडव्या कमानी घातल्या, त्यांना 'भीतीच्या कमानी' म्हणतात. दुरुस्ती चालू असतानाच हेल्मेट घालून आत नेणारी मार्गदर्शित फेरी इथे सुरू झाली. जागा आधी आरक्षित करा. आतल्या जिन्यांमुळे वयस्करांची सोय मात्र आधी विचारून घ्या.