मदत हवी आहे: द्राक्षवाल्यांच्या साइटला डिस्कोर्स घेऊ की वर्डप्रेसच ठेवू?

बेदाणा_तासगाव
नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या बागायतदारांसाठी वर्डप्रेसवर साइट टाकली आहे. चर्चेचं प्लगइन लावलं, आमच्यातले जे ब्लॉग लिहितात त्यांच्या फीड (नवे लेख आपोआप ओढून आणणाऱ्या लिंका) जोडल्या. आता नवीन माणसाला नोंदणीची मेलच येत नाही. लिंका अर्धवट येतात, व्हॉट्सअॅपवर टाकल्या की नुसती टक्क्याच्या खुणांची माळ दिसते. होस्टिंगवाल्याला विचारलं तर म्हणतो आमच्याकडून सगळं ओके आहे. पोरगं म्हणतंय हे काढा आणि डिस्कोर्स हे चर्चेसाठीचंच सॉफ्टवेअर टाका. टाकू का? लवकर सांगा, फळछाटणी तोंडावर आली आहे, एकदा कात्री हातात घेतली की याला वेळ नाही.

मिरजकर
लोक किती? सांभाळणार कोण? वर्षाला खर्च किती झेपेल? ब्लॉग कशावर आहेत? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

डॉकरभाऊ
डोळे झाकून डिस्कोर्स. २०१३ पासून आहे, ओपन सोर्स आहे, फुकट आहे. एक जीबी रॅमच्या सर्व्हरवर स्वॅप देऊन चालतं, दोन जीबी असेल तर उत्तम. डॉकरमधून, म्हणजे सगळं एका खोक्यात बांधून आलेलं, अर्ध्या तासात उभं राहतं. माणूस जसजसा वाचेल-लिहील तसे त्याचे अधिकार आपोआप वाढतात, शून्यापासून चारपर्यंत पायऱ्या आहेत, फक्त चौथी हातानं द्यावी लागते. शोध तर एक नंबर.

पीएचपीवाला
अर्ध्या तासात तुमच्याकडं उभं राहत असेल. त्यांना मेलच जात नाही असं ते सांगतायत, आणि डिस्कोर्सचा सगळा डोलारा मेलवर आहे. मेल नीट बसली नाही तर पहिल्या अॅडमिनलासुद्धा आत शिरताना अडचण येते. त्यात मूळ सेटिंगमध्ये विषयाला किमान १५ अक्षरं आणि मजकुराला २० लागतात. आपला माणूस 'छाटणी कधी?' एवढंच लिहिणार. त्याला लाल अक्षरात 'शीर्षक लहान आहे' दिसलं की तो परत येत नाही.

डॉकरभाऊ
ते आकडे अॅडमिनमध्ये जाऊन बदलता येतात हो. वापरून बघितलंय का कधी?

पीएचपीवाला
वापरलंय म्हणूनच सांगतोय.

जुनाजाणता
मराठीत एवढी वर्षं काय टिकलं ते बघा. मायबोली १९९६ ची, मिसळपाव २००७ चं, दोन्ही साइट आज द्रुपल या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर आहेत. लेख, चर्चा, गट, बाहेरच्या फीड, सगळं एका छपराखाली. फक्त जुनं द्रुपल ७ घेऊ नका, त्याचा आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला.

मिरजकर
द्रुपल सांभाळायला ठेवलेला माणूस लागतो, काका. इथं गडी मिळेना झालेत, द्रुपलवाला कुठून आणायचा?

पलूस_बाग
ढगाळ हवा असेल तर डाऊनीचं (केवडा रोगाचं) बघा आधी. छाटणीनंतर काड्यांवर एक टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारून घ्या, ओलांडे सुटू देऊ नका. मागच्या वेळी आमच्या शेजाऱ्यानं टाळलं आणि घडच गेले.

डॉकरभाऊ
दादा, इथं सॉफ्टवेअरचा विषय चाललाय.

पलूस_बाग
साइट द्राक्षाचीच हाय न्हवं?

बेदाणा_तासगाव
डाऊनीचं आम्हाला कळतं, आभारी आहे.
मिरजकर, सांगतो. व्हॉट्सअॅप ग्रुप १०२४ ला भरला, दुसरा काढलाय. दोन्हीकडं तेच ते प्रश्न, आणि चार महिन्यांपूर्वी कुणी जीएच्या डिपिंगचं (घड जिबरेलिक अॅसिडमध्ये बुडवण्याचं) चांगलं लिहिलेलं सापडतच नाही. म्हणून साइट. खर्च वर्षाला पाच-सहा हजार, त्यावर ग्रुपवाले बोंब मारतील. सांभाळणार मी आणि पोरगं, पोरगं पुण्यात आहे. ब्लॉग तिघांचे ब्लॉगस्पॉटवर, एकाचा वर्डप्रेस डॉट कॉमवर, आणि सगळ्यात चांगलं लिहिणारा गडी फक्त फेसबुकवर लिहितो. निम्म्या लोकांना आपला ईमेल माहीत नाही. फोन घेतला तेव्हा दुकानदारानंच जीमेल काढून दिला, पासवर्ड त्यालाच ठाऊक, आणि तो आता दुकान बंद करून गेलाय.

मिरजकर
हे पहिल्या पोस्टमध्ये का नव्हतं?!

टेलिग्रामप्रेमी
कशाला साइट? टेलिग्रामच्या ग्रुपला दोन लाख माणसं बसतात. विषयवार कप्पे करता येतात, जुनं सगळं शोधता येतं. खर्च शून्य.

जुनाजाणता
ऑर्कुट २०१४ ला बंद झालं, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. त्यावर लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलं होतं. ज्यांनी वेळेत उतरवून घेतलं त्यांचं वाचलं. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, स्वतःचं असेल तर उद्या सॉफ्टवेअर बदला, पत्ता तोच राहतो.

टेलिग्रामप्रेमी
डोमेनचे पैसे भरायचे विसरलं की तेही जातं.

पीएचपीवाला
आता मुद्द्यावर येतो.

लिंक तुटलेली नाही. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्यासाठी २०० खुणांची जागा ठेवतं. देवनागरीतलं एक अक्षर त्यात नऊ खुणा खातं, काना-मात्रा-अनुस्वार वेगळे मोजून. म्हणजे बावीसेकांत पत्ता भरला. 'पावसाळी हवेत फळछाटणीनंतर घ्यायची काळजी' असं शीर्षक दिलंत तर पत्ता 'फळछाटणीनंतर' ला संपतो. लिंक उघडते, पण दोन लेखांची सुरुवात सारखी असली तर दुसऱ्याला मागं नुसता २ लागतो आणि कोणता कुठला कळत नाही. पर्मालिंकच्या सेटिंगमध्ये जाऊन पत्त्यात लेखाचा क्रमांक ठेवा. लिंक छोटी होते, व्हॉट्सअॅपवर माळही दिसत नाही.

मेलचं: स्वस्त होस्टिंगवरून वर्डप्रेस जी मेल सोडतं तिला बहुतेक वेळा एसपीएफ किंवा डीकेआयएमची ओळख (मेल खरंच आपल्या डोमेनची आहे याचा पुरावा) नसते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल अशा मेलच्या बाबतीत कडक झालंय. एसएमटीपीचं प्लगइन लावा, मेल पाठवणारी वेगळी सेवा जोडा, आणि ती सांगेल त्या नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या खात्यातल्या नोंदवहीत) घाला. डिस्कोर्स घेतलंत तरी हे चुकणार नाही.

कृष्णाकाठ
मेल हवीच कशाला? फोनमध्ये गुगल खातं आधीच उघडं आहे. 'गुगलने लॉगिन' चं बटण ठेवलं की पासवर्ड विचारतच नाही, खातं निवडायचं आणि आत. दुकानदाराला शोधायची गरज नाही. (फोन हरवला तर पंचाईत होईल, तेवढं लोकांना रिकव्हरी नंबर घालून ठेवायला सांगा.)

डॉकरभाऊ
हे डिस्कोर्समध्ये पण आहे, बरं का.

टेलिग्रामप्रेमी
मोबाइल ओटीपी का नाही ठेवत?

कृष्णाकाठ
एसएमएस पाठवायचा तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमानं डीएलटी या एसएमएस पाठवणाऱ्यांच्या नोंदवहीवर नोंदणी लागते, मजकुराचा साचासुद्धा मंजूर करून घ्यावा लागतो. एका ग्रुपसाठी एवढा व्याप कोण करणार?

ओवीबाई_सांगली
ब्लॉगचं कुणी बोलेना म्हणून लिहिते. आमच्या वाचनगटासाठी मी हे काम करते. आख्खी फीड ओढू नका. माणूस द्राक्षावर लिहितो तसं नातवाच्या बारशावरही लिहितो, आणि ते सगळं तुमच्या मुखपृष्ठावर येऊन पडतं. ब्लॉगस्पॉटला लेबलची वेगळी फीड मिळते. त्यांना म्हणावं, कामाच्या लेखाला 'द्राक्ष' लेबल लावा, आणि तुम्ही तेवढीच जोडा. वर्डप्रेसलाही टॅगची फीड असते.

आलेलं थेट छापू नका, मसुद्यात पडू द्या. आठवड्यातून एकदा कुणीतरी बसून वाचायचं, दोन-तीन निवडायचे आणि वर आपल्या शब्दांत चार ओळी लिहायच्या: कुठल्या वाणाला, कुठल्या जमिनीत, छाटणीपासून कितव्या दिवसाचं. नुसतं 'उपयुक्त लेख' लिहून उपयोग नाही. पूर्ण लेख उचलायचा तर लेखकाची लेखी परवानगी घ्या, नाहीतर तुकडा आणि मूळ लिंक. फेसबुकवाल्या दादांची फीड निघत नाही, त्यांना विचारून लेख हातानंच उतरवून घ्या. कुणी श्रीलिपीत (जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये) टाइप केलेलं पाठवलं तर आधी युनिकोडमध्ये करून घ्या, नाहीतर शोधात ते कधीच सापडणार नाही.

मिरजकर
ताईंचं बरोबर आहे. चर्चा व्हॉट्सअॅपवर होतेच आहे, होऊ दे. साइटवर ते चर्चेचं प्लगइन आत्ता बंद ठेवा. वाचायला लॉगिन नको, लेखाखाली प्रतिक्रिया पुरे. लिहिणाऱ्यांची खाती तुम्हीच काढून द्या. डिस्कोर्सचं नंतर, गर्दी झाली तर.

डॉकरभाऊ
नंतर डेटा हलवायला किती त्रास होतो ते तेव्हा विचारा मला.

बेदाणा_तासगाव
आठवड्याला वाचत कोण बसणार? मला छाटणी, पोराला नोकरी.

ओवीबाई_सांगली
तुमच्या ग्रुपवर 'हे आधीच विचारून झालंय' असं सारखं लिहिणारा एखादा असेलच. त्याला धरा.

बेदाणा_तासगाव
आहे एक. निवृत्त मास्तर आहेत, स्वतःची दोन एकर थॉमसन द्राक्षं. विचारतो.
पर्मालिंक आत्ताच बदलली, लिंक छोटी येतेय. मेलचं पोराला रात्री करायला सांगतो. पण डीएनएसच्या नोंदी कुठं घालायच्या? डोमेन होस्टिंगवाल्यानंच घेऊन दिलंय.

जुनाजाणता
कुणाच्या नावावर?

बेदाणा_तासगाव
त्याच्याच असणार. बिल त्याच्याकडूनच येतं.

जुनाजाणता
मग बाकी सगळं राहू दे, उद्या सकाळी पहिला फोन त्याला करा. डोमेन तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर करून घ्या, आणि तो 'हो' म्हणाला यावर थांबू नका, डोमेनच्या खात्यात स्वतः शिरून बघा.

पलूस_बाग
आणि बोर्डो ताजंच बनवा, कालचं मारू नका.